उंबरखारला नऊ वाजले

दामाजी शिंगवाल्याचं चरित्र लिहावं असं त्याने आयुष्यात काही केलेलं नाही. तो लढाईवर गेला नाही, त्याने देऊळ बांधलं नाही, आणि सरकारदरबारी त्याचं नाव एकदाच पोचलं, तेही एका अर्जाखाली उठवलेल्या अंगठ्याशेजारी. आमची मंडळी म्हणते, पेन्शन खाणाऱ्या माणसाने एक तर जप करावा नाहीतर नातवंडं खेळवावीत, असले उद्योग करू नयेत. पण जपाला बसलो की मला दामाजीच आठवतो. त्यापेक्षा एकदाचं लिहून टाकलेलं बरं.

दामाजीचं गाव उंबरखार. ठाण्याहून होडीत बसलात की कळवा मागे पडतो, मुंब्र्याचा डोंगर मागे पडतो, डोंबिवलीची भातशेतं संपत येतात आणि तिथे उल्हास नदी एक लांबलचक वळण घेते. त्या वळणावर उंबरखार होतं. मी होतं म्हणतो, कारण आता तिथे भिंती आहेत, उंबर आहेत, पण चूल एकही पेटत नाही. मी अठराशे बासष्ट साली तिथल्या सरकारी नाक्यावर कारकून म्हणून गेलो तेव्हा मात्र गावात पाऊल ठेवायला जागा नव्हती.

याचं सगळं श्रेय एका खडकाला. वळणाच्या पुढे नदीच्या पात्रात आडवा खडक आहे. भरलेली होडी भरतीच्या पाण्यावरच त्याच्यावरून जाई, एरवी तिचा तळ घासे. त्यामुळे मुंबई-ठाण्याहून कल्याणला निघालेली प्रत्येक होडी उंबरखारला अडे आणि भरतीची वाट बघत बसे. कधी दोन तास, कधी सहा. आता सहा तास माणूस करणार काय? तो खातो, पितो, तंबाखू मळतो, दाढी करून घेतो, आणि गरज नसलेल्या वस्तू विकत घेतो. ज्या गावाचा धंदाच लोकांना थांबवून ठेवण्याचा, ते गाव श्रीमंत व्हायला वेळ लागत नाही. विठ्ठल फराळवाल्याकडे एका वेळी साठ पानं उठत. आवडाबाई तंबाखूवाली ठार बहिरी होती, त्यामुळे तिच्याशी घासाघीस कोणालाच करता येत नसे, आणि तिचा धंदा सगळ्यांत जोरात चाले.

भरती कधी लागणार हे सांगायचं काम दामाजीच्या घराण्याकडे. तो जातीने कोळी, माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, अंगाने काटक, आणि बोलायला अतिशय कमी. ओहोटीला तो गुडघाभर चिखलात जाऊन उभा राही. खेकडे बिळाच्या तोंडाशी कसे बसलेत ते बघे, पाण्यात तळवा बुडवून ठेवी, एकदा वास घेई. मग काठावर येऊन पितळेचं शिंग तोंडाला लावी. शिंग वाजलं की गावात एकच पळापळ. पानावरचे लोक घास टाकून उठत, होड्यांवरचे तांडेल ओरडत, आणि पोपट न्हाव्याच्या समोर बसलेलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी होडीकडे धावे. कल्याणच्या बाजारात अर्ध्या गालाला साबण लागलेला माणूस दिसला की लोक विचारत, "काय, उंबरखारहून वाटतं?"

दामाजीची भरती कधी चुकली नाही. मी बारा वर्षं पाहिली, पावसाळ्यात आणि थंडीत पाहिली, एकदाही नाही. मला या माणसाचा थोडा हेवा वाटे, कारण माझ्या खात्यात बरोबर असणं ही कोणाचीच सवय नव्हती.

आता माझ्या घड्याळाचं सांगायला हवं. हे सांगताना मला अजूनही अवघडल्यासारखं होतं, पण ते टाळलं तर पुढचं काहीच कळणार नाही.

नाक्यावर सरकारने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. मोठं, ठोके देणारं, अख्ख्या बंदराला ऐकू जाणारं. आणि सरकारचा नियम होता की नाका सकाळी नऊ वाजता उघडायचा, वहीत 'नऊ वाजता नाका उघडला' असं लिहायचं आणि मगच होड्या तपासायच्या. नियम करणारा कोणी डोंगरावर राहणारा असावा. होड्या यायच्या भरतीवर, आणि भरती रोज आदल्या दिवसापेक्षा दोन घटका उशिरा. आज सकाळी आठला, तर पंधरवड्याच्या मध्यावर दुपारी दोनला. नऊ वाजता नाका उघडून मी तपासणार काय, बगळे? बरं, दुपारी दोनला उघडून वहीत नऊ लिहावं, तर ते धडधडीत खोटं. मी बावीस वर्षांचा, नवा, आणि खोटं लिहायला घाबरणारा. मग मी एक युक्ती काढली. दिवसा दामाजीचं शिंग वाजलं की मी स्टुलावर चढायचो, घड्याळाचे काटे फिरवून नऊवर आणायचो, ठोके पडू द्यायचो, लंबक थांबवून घड्याळ पुढच्या शिंगापर्यंत बंद ठेवायचो, आणि मग स्वच्छ मनाने वहीत लिहायचो, 'नऊ वाजता नाका उघडला'. घड्याळात नऊच वाजलेले असत, त्यात खोटं काय होतं?

हे मी बारा वर्षं केलं. साहेब तपासणीला येऊन वहीवर 'उत्तम' असा शेरा मारून गेले.

याचा परिणाम गावावर काय होतोय, हे माझ्या ध्यानात आलं नाही. उंबरखारात दुसरं घड्याळ नव्हतं. गावाचा अनुभव असा की शिंग वाजतं, मग नाक्यात नऊ ठोके पडतात. नऊ वाजणं म्हणजे भरती लागणं. कधी ते सकाळी होतं, कधी जेवणं झाल्यावर, पण भरतीचं काय, तिचं तसंच असतं. बायका एकमेकींना सांगत, "आज नऊ लौकर वाजले गो, माजा भात व्हायचा हाय." हे मी कानांनी ऐकलं आहे, आणि हसून सोडून दिलं आहे.

मी येण्याआधीच आगगाडी ठाण्यावरून कल्याणला जायला लागली होती. रूळ गावापासून पाऊण कोसावर, शेतांच्या पलीकडे. पहिली काही वर्षं उंबरखारने तिच्याकडे लक्षच दिलं नाही. मीठ, लाकूड, कौलं असला अवजड माल होडीनेच जाई. पण माणसं हळूहळू गाडीत बसायला लागली. विठ्ठलाची साठ पानं चाळीसवर आली, मग पंचवीसवर. मग गाव जागं झालं आणि चौऱ्याहत्तर साली नाक्यासमोर सभा भरली.

गावाचा विचार सरळ होता. लोक होडी थांबते म्हणून इथे थांबत. आता लोक गाडीत बसतात, तर गाडी इथे थांबवा. थांबलेल्या माणसाचं पुढे काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे. मला तर हा विचार त्या वेळी फारच मुत्सद्दी वाटला होता. मी रेल्वेच्या साहेबाला अर्ज लिहिला, पहिला अंगठा दामाजीचा घेतला, कारण गावात त्याच्या शब्दाला मान होता. दामाजीचा मुलगा विश्राम तेव्हा वीस-एकवीसचा. तो म्हणाला, "बाबा, ठेसन झाला तर मी हितंच कामाला लागतंव, तुमाला सोडून कंला जाव?" दामाजीने यावर मान हलवली. त्याच्या हिशोबी ते लांबलचक भाषण होतं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. साहेब सोमवारी नऊ वाजता ट्रॉलीवरून रुळाने येतील. रुळाकाठच्या माळावर गाडी धरायला म्हणून किती माणसं जमतात ते स्वतः मोजतील. दोनशे माणूस दिसलं तर स्टेशन मंजूर.

मी ते पत्र दामाजीला आणि पाच-पन्नास लोकांना वाचून दाखवलं. 'सोमवारी नऊ वाजता' हे शब्द मी मोठ्याने, दोनदा वाचले. आणि त्याच दुपारी रजा घेऊन ठाण्याला निघून गेलो, कारण आमच्या मंडळीला दिवस भरले होते आणि टेंभी नाक्याच्या घरून दोन निरोप येऊन गेले होते. होडीत बसताना माझ्या डोक्यात मुलगा की मुलगी एवढंच होतं. नऊ म्हणजे काय, हे उंबरखारच्या माणसाला सांगायला हवं, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही.

पुढचं मला पोपट न्हाव्याने सांगितलं. पोपट एक वर्ष मुंबईला राहून आला होता. रविवारी तो म्हणाला की नऊ म्हणजे सकाळची न्याहारी होते ती वेळ, मुंबईत रोज तेव्हाच वाजतात. गाव खो खो हसलं. "मुंबईचे नऊ वाजत असतील न्याहारीला," विठ्ठल म्हणाला, "तिथे भरतीला विचारतो कोण? आपल्याकडे उद्या नऊ दुपारी वाजतील. विचार दामाजीला." दामाजीने बोटांवर तिथी मोजली आणि सांगितलं, "जेवनं झाल्यावर. मी शिंग वाजवीन."

सोमवारी सकाळी नऊ वाजता साहेब आले. माळावर एक म्हैस होती. साहेब अर्धा तास छत्री उघडून बसले, म्हशीकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि ट्रॉली पुढे गेली. हे रुळावर काम करणाऱ्या गँगवाल्याने नंतर सांगितलं.

आणि दुपारी, जेवणं झाल्यावर, दामाजीने पाण्यात तळवा घातला, वास घेतला आणि शिंग फुंकलं. भरती अगदी त्या क्षणी लागली. मी रजेवर, त्यामुळे नाक्यात ठोके पडले नाहीत, पण गावाला शिंग पुरेसं होतं. तीनशे बारा माणसं माळावर गेली. ताशे होते, नारळ होते, बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. आवडाबाईने साहेबासाठी झेंडूचा हार स्वतः ओवला होता. ती माणसं संध्याकाळपर्यंत उन्हात उभी राहिली. दोन गाड्या शिट्टी फुंकत निघून गेल्या, आतल्या लोकांना वाटलं कोणाची तरी जत्रा आहे. अंधार पडायला लागला तेव्हा आवडाबाईने तो हार मैलाच्या दगडाला घातला आणि सगळे मुकाट्याने घरी आले.

मी बुधवारी परतलो. मुलगी झाली होती, मी पेढे घेऊन आलो होतो. नाक्यासमोर गाव बसलं होतं आणि मध्ये दामाजी, मान खाली घालून. गावाने दोन दिवस खल करून निष्कर्ष काढला होता. साहेब नऊला आले असं गँगवाला म्हणतो, आणि साहेब चुकणार नाहीत. नाक्याचं घड्याळ सरकारचं, तेही चुकणार नाही. म्हणजे त्या दिवशी नऊ सकाळीच वाजायचे होते आणि कुठेतरी दामाजीचंच चुकलं. कसं चुकलं ते कोणाला सांगता येईना. भरती तर सगळ्यांनी दुपारी डोळ्यांनी पाहिली होती. पण दामाजीला स्वतःलाही दुसरं काही सुचेना.

त्याने मान वर करून मला विचारलं, "भाऊसाहेब, तुमी शिकलेले. माजा काय चुकला?"

तेव्हा मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती दोन वाक्यं बोललो असतो तर बारा वर्षांच्या वह्या खोट्या ठरल्या असत्या. नोकरी गेली असती, कदाचित खटला झाला असता, आणि घरी चार दिवसांची पोर होती. ही सगळी कारणं खरी आहेत, मी ती स्वतःला हजार वेळा ऐकवली आहेत. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी, दामाजी." आणि पेढे वाटले.

स्टेशन दुसऱ्याच गावाला मिळालं. मी वर्षभराने बदली मागून घेतली.

उंबरखार एकदम नाही उठलं. आधी होड्या कमी झाल्या. विठ्ठल त्या नव्या स्टेशनापाशी गेला आणि तिथे चहाची किटली घेऊन बसला. पोपट परत मुंबईला गेला, जिथे नऊ वेळेवर वाजतात. आवडाबाई भाचीकडे गेली. नाका बंद झाला, घड्याळ कोणीतरी नेलं. माणसं कमी झाली तशी नदीचा बांध घालायला हात कमी पडले. बांध फुटला, खारं पाणी शेतात आलं, मग विहिरीत आलं. विहीर खारट झाली की गावात राहायचं तरी कोणी? पंधरा-सोळा वर्षांत एकेचाळीस घरांपैकी चाळीस रिकामी झाली. हे सगळं मला ठाण्यात बसून कळत होतं, कारण उंबरखारची माणसं टेंभी नाक्यावर भाजी-मासळी विकायला यायची आणि मला बघून आदराने नमस्कार करायची. त्या नमस्कारांनी मला फार त्रास दिला.

त्र्याण्णव साली, मी पेन्शनीत निघालो त्याच वर्षी, एका सकाळी विश्राम आमच्या दारात उभा राहिला. आता चाळिशीचा, कल्याणला रेल्वेत खलाशी, मिशांत पांढरे केस. तो ओटीवर टेकला आणि आमच्या मंडळीने दिलेलं पाणी एका दमात प्यायला.

"भाऊसाहेब, बाबाला तुमी सांगा. माजा ऐकत नाय, आयचा ऐकत नाय. तुमचा ऐकंल."

म्हातारा-म्हातारी दोघंच गावात राहिली होती. गोडं पाणी नदीपलीकडून होडीने आणावं लागे. उरलासुरला बांध यंदाच्या पावसात टिकणार नव्हता, भरतीचं पाणी आत्ताच घराच्या ओट्याला लागत होतं. विश्रामने कल्याणला दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. त्याची आई, भागीरथी, नातवंडांसाठी झुरत होती.

"मग येत का नाही तो?"

विश्राम जमिनीकडे बघत म्हणाला, "बोलतो, गाव मी बुडवला, आथा मीच टाकून कसा जाव? ज्यांनी बुडवला त्यांनी राखायचा. एकोनीस वर्सं ह्येच बोलतो. आनि आजून रोज त्या सोमवारची तिथी मोजत बसतो. बोलतो, माजा काय चुकला ता कलत नाय. आथा सादी भरतीबी त्याला धड सांगता येत नाय. तीन-तीनदा पान्यात हात घालतो आनि मंग आयला विचारतो."

ज्या माणसाची भरती कधी चुकली नाही, तो बायकोला विचारून भरती सांगतो हे ऐकलं आणि माझ्याच्याने पुढे बसवेना. मी उठून अंगरखा घातला. मंडळीने विचारलं, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "एक काम राहिलंय." ती म्हणाली, "एकोणीस वर्षं?" तिला सगळं ठाऊक होतं. बायकोपासून असल्या गोष्टी लपत नाहीत, पेढ्यांची चव कशी लागली हे तिला त्या वेळीच कळलं होतं.

विश्राम आणि मी होडीने उंबरखारला पोचलो तेव्हा दहा-साडेदहाचं ऊन होतं. भागीरथी ओट्यावर बसून जाळं विणत होती. दामाजी काठावर बसला होता, सत्तरीच्या आसपास पोचलेला, पण पाठ ताठ. मला बघून तो उठला आणि एकोणीस वर्षांपूर्वी करायचा तसाच लवून नमस्कार केला. मी म्हटलं, "आधी बस. आणि मी सांगतो ते पुरं होईपर्यंत नमस्कार करू नकोस."

मी सांगितलं. स्टूल, काटे, नऊ ठोके, वही, सगळं. खरे नऊ म्हणजे काय तेही सांगितलं. पोपट बरोबर होता आणि नऊ रोज न्याहारीलाच वाजतात, भरती काही म्हणो. बोलताना मी त्याच्याकडे न बघता नदीकडे बघत होतो. मला वाटलं होतं तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं, मी त्याची तयारी करून गेलो होतो.

तो म्हणाला, "म्हंजे भरती दुपारचीच व्हती?"

"दुपारचीच होती."

"माजा शिंग बरोबर वाजला?"

"अगदी बरोबर वाजलं, दामाजी. चुकलं माझं घड्याळ."

त्याने भागीरथीला हाक मारली. "आयकलास काय गो? भरती बरोबर व्हती!" सत्तर वर्षांचा म्हातारा, पण आवाज असा की जसं काही आत्ताच लग्न ठरलं आहे. गाव गेलं, शेतं गेली, विहीर गेली, त्यातलं त्याला त्या क्षणी काही आठवत नव्हतं. भरती चुकली नव्हती, एवढंच त्याला पुरलं होतं.

मला वाटलं, संपलं. पण दामाजी उठला, त्याने धोतर खोचलं आणि म्हणाला, "चला भाऊसाहेब."

"कुठे?"

"मना एकट्याला सांगून काय उपेग? दोष मना गावानी दिलेला. गावाला सांगा."

"अरे, पण गावात आहे कोण?"

"घरं हायत," दामाजी म्हणाला, आणि चालायला लागला.

मी पेन्शनर माणूस. ठाण्यात लोक मला वाट देतात. आणि मी भर उन्हात, चिखलातून, जोडे हातात घेऊन, एका कोळ्याच्या मागे रिकाम्या घरांच्या रांगेतून निघालो. पहिलं घर विठ्ठल फराळवाल्याचं. छप्पर बसलेलं, आत करंजाचं झाड उगवलेलं. दामाजीने दारात उभं राहून हाक दिली, "विठ्ठला! भाऊसाहेब आलेत!" आणि मला खूण केली. मी इकडेतिकडे बघितलं आणि पुटपुटलो, "चूक माझ्या घड्याळाची होती. दामाजीची नव्हती."

"हात जोडा," दामाजी म्हणाला.

मी हात जोडले. असं एकेक घर. आवडाबाईच्या दाराशी मी तेच वाक्य म्हटलं, तर दामाजी हलेना. "मोठ्यानी बोला. ती बहिरी व्हती." मग मी ओरडून सांगितलं, आणि उंबरावरचे कावळे उडाले. विश्राम मागे तोंडावर हात ठेवून हसत होता. पोपटाच्या दाराशी माझं झाल्यावर दामाजीने स्वतः हात जोडले. "पोपटा, तू बोललास ता खरा व्हता. आमी तुला हसलो." काही घरांची दारं जाग्यावर नव्हती, तिथे तो उंबरठ्यापाशी थांबे. एका घराचा उंबरठाही नव्हता, नुसती जागा होती, तिथेही थांबे आणि घरच्या माणसांची नावं घेऊन हाक मारी. एकही नाव तो चुकला नाही.

पंधरा-वीस घरांपर्यंत मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. मग कधीतरी तो राग गेला. त्यानंतर मी सांगायच्या आधीच हात जोडत होतो. तिसाव्या घराच्या आसपास मला रडू यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. विश्रामचं हसणंही तोवर थांबलं होतं.

चाळीस घरं झाली. एकेचाळिसावं दामाजीचं स्वतःचं. ओट्यावर भागीरथी उभी होती. तिच्यासमोर मी हात जोडले तेव्हा तिने मला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही.

"माजा मंग बगू," ती म्हणाली. "आदी याला इचारा. आथा गाव कोनी बुडवला?"

दामाजीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मंग राखायचा कोनी?"

दामाजीने पुन्हा माझ्याकडे बघितलं, जरा कीव आल्यासारखं. मी घाईघाईने म्हटलं, "माझं घर ठाण्यात आहे."

"मंग याचा बोलनाच मिटला," भागीरथी म्हणाली. ती आत गेली आणि दोन बोचकी घेऊन आली. बोचकी आयत्या वेळी बांधलेली नव्हती. त्यांच्या गाठींवर धूळ बसली होती, एकीवर कोळ्याने जाळं केलं होतं. एक तिने विश्रामच्या हातात दिलं, एक माझ्या, आणि सरळ होडीकडे चालायला लागली. दामाजी दोन क्षण ओट्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने शिंग खुंटीवरून काढून काखेला मारलं, दार ओढून घेतलं आणि तिच्या मागे निघाला.

होडी काठाशी चिखलात बसली होती. आम्ही चढून बसलो. विश्राम म्हणाला, "पानी कवा यल?" आणि सवयीने आईकडे बघितलं. भागीरथीने नवऱ्याकडे बघितलं. दामाजीने होडीच्या कडेवरून हात खाली सोडला, एकदाच पाण्यात बुडवला आणि वर काढला.

"लागली," तो म्हणाला.

दोन घटकांत होडी उचलली गेली आणि खडकावरून अलगद पलीकडे गेली. भागीरथी नातवंडांची नावं घेऊन विश्रामला काहीबाही विचारत होती. दामाजी पुढे तोंड करून बसला होता. मी बोचकं मांडीवर घेऊन मागे वळून बघितलं. उंबरखारात आता कोणीच उरलं नव्हतं, आणि या खेपेला ते मी खरं बोललो म्हणून.